खोडलेलं आधी वाचायचं

नंदा ओव्हाळ चिडकी होती. हे कुणी तिच्या पाठीमागे सांगावं अशी गरज नव्हती, ती स्वतःच सांगायची. वारज्याला कालव्याच्या अलीकडे दोन खोल्यांत वाढलेली, बी.कॉम. झाल्यावर भोसरीच्या एका गिअरच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागलेली. रोज जाताना दोन बसगाड्या आणि येताना दोन, आणि चारही ठिकाणी कुणाशी तरी वाजायचं. सत्त्याण्णव साली त्या कारखान्याने एका जपानी कंपनीशी सूत जमवलं आणि तिकडून यंत्रांचे नकाशे येऊ लागले. नकाशांच्या कडेला जपानीत बारीक सूचना असत. मोठमोठे साहेब तो कागद उलटा-सुलटा धरून बघत आणि मग नंदाला म्हणत, "फॅक्स कर, विचार त्यांना." चार महिने फॅक्स करून कंटाळल्यावर नंदाने ठरवलं की हे आपणच वाचायचं.

पुण्यात तेव्हा जपानीचं नाव काढलं की लोक अनंत दामल्यांचा पत्ता देत, आणि पत्त्याबरोबर एक उसासा. दामले हे इंजिनिअर. सदुसष्ट साली दोन वर्षांसाठी जपानला जाऊन आलेले, नोकरी संपल्यावर सदाशिव पेठेत, नागनाथ पाराजवळ, दुसऱ्या मजल्यावरच्या स्वतःच्या बिऱ्हाडातल्या पुढच्या खोलीत वर्ग घेणारे. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती: 'जिना आवाज करतो. आपण करू नये.' वर दाराशी दुसरी: 'चपला बोटे बाहेर करून ठेवाव्यात. न समजल्यास घरी जावे.' माणूसही पाट्यांसारखाच होता. जास्त बोलायचा नाही, पण जे बोलायचा ते लागायचं.

पण शिकवावं तर दामल्यांनीच, हे नंदाही नाकारत नसे. वैऱ्याची विद्या वैऱ्याइतकी कुणी ओळखत नाही.

दर वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी दामले जपानी लिपीच्या जन्माचं व्याख्यान देत. नंदाने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हरखून गेली होती. दामल्यांनी सांगितलं की जपान्यांकडे स्वतःची लिपी नव्हतीच. अक्षरं चीनमधून आली, तीही कोरियाच्या वाटेने. एकेक अक्षर म्हणजे एकेक शब्द, हजारोंनी. ती बोजड अक्षरं नुसत्या आवाजापुरती वापरता वापरता झिजली आणि त्यांतून छोटी अक्षरं निघाली. पुरुष मंडळी चिनी अक्षरांचा तोरा मिरवत बसली, तेव्हा बायकांनी भरभर लिहून वळणदार केलेली ती हिरागाना, आणि चिनी अक्षराचा नुसता एक तुकडा तोडून घेतलेली ती काताकाना. 'भर घालणे' या अर्थाचं एक चिनी अक्षर आहे, त्याचा डावा तुकडा तोडला की झाला 'का'. हे सांगताना दामले खडूने अक्षर काढत, आणि बोटाने निम्मं पुसून टाकत.

मग त्यांनी फळ्यावर सगळी वर्णमाला मांडली. अ, इ, उ, ए, ओ. खाली क, स, त, न, ह, म, य, र, व. नंदा बघतच राहिली. ही तर आपलीच बाराखडी. स आहे तो च च्या जागी, आणि ह आहे तो प च्या जागी. दामल्यांनी लगेच तेही उलगडून दाखवलं, की जपान्यांचा स पूर्वी च च्या जवळ होता आणि ह हा मुळात प होता.

"आपल्या ऋषींचं ज्ञान कुठवर पोचलं ते बघा," दामले म्हणाले.

नंदा लहानपणापासून दर रविवारी वडिलांचं बोट धरून विहारात जायची. तिच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. धम्म चीनवरून जपानला गेला हे तिने भन्तेजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की तिला ते घरच्या गोष्टीसारखं वाटायचं. त्यामुळे तिने हात वर केला तो भांडायला नव्हे. आनंदाने केला. हे पुढे कुणालाच खरं वाटलं नाही.

"सर, ही अक्षरं भिक्खूंनीच नेली ना तिकडे?"

"विद्वानांनी नेली."

"म्हणजे भिक्खूच ना, सर?"

दामल्यांनी खडू खाली ठेवला. "ओव्हाळबाई, हा भाषेचा वर्ग आहे. सभा नाही. सभा नदीपलीकडे होतात."

वर्ग हसला. तीस जण होते, त्यांतले पंचवीस तरी हसले. बावीस वर्षांच्या मुलीला 'बाई' म्हणण्यातला खवचटपणा तिला कळत होता, आणि आंबेडकरी सभांना 'नदीपलीकडे' दाखवण्यातलाही. त्या दिवशी बसमध्ये बसल्या बसल्या तिने ठरवलं, की या माणसाच्या तोंडून, याच फळ्यासमोर, 'भिक्खूंनी नेली' हे एक वाक्य वदवून घ्यायचं. त्याशिवाय हा वर्ग सोडायचा नाही.

वडिलांना, रामदासअण्णांना, तिने घरी गेल्यावर सगळं सांगितलं. ते खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. त्यांनी चहा संपवला.

"ते म्हणाले तरच भिक्खू गेले होते, असं हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. त्याने म्हणायला पाहिजे."

अण्णांनी मान हलवली. पोरीचं डोकं एकदा फिरलं की ते कुठल्या दिशेला फिरलंय एवढंच बघायचं असतं, हे ते बावीस वर्षांत शिकले होते.

दामल्यांच्या वर्गाची एक रीत होती. पेन्सिल चालत नसे, खोडरबर तर नाहीच. लिहायचं ते पेनने. चुकलं तर पट्टी लावून एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. "चूक झाकायची नसते, दिसायची असते," दामले म्हणत. मग चुकणाऱ्याने आपली वही घेऊन उभं राहायचं आणि चूक तीन वेळा मोठ्याने वाचायची. दुसऱ्या कुणी वाचायची नाही. ज्याची वही त्याने वाचायची, आणि खोडलेलं आधी वाचायचं. तिसऱ्यांदा वाचून झालं की 'बसू का?' असं विचारायचं. दामल्यांनी 'बसा' म्हटलं तरच बसायचं.

तिसऱ्याच आठवड्यात नंदा उभी राहिली. 'आकाश' लिहायचं होतं. जपानीत वरची आडवी रेघ आधी ओढतात आणि खालचं नंतर. आपल्याकडे उलट, आधी अक्षर आणि मग वरून शिरोरेघ. वर्गातल्या सगळ्या मराठी हातांनी तीच चूक केली होती. लिहून झालेल्या अक्षरात ती सहजी दिसत नाही, पण दामले पाठीमागे उभे राहून हात बघत. त्यांनी तिघांच्या मागे उभं राहून नुसतं 'हं' केलं. चौथी नंदा, तिच्या मागे थांबले.

"ओव्हाळबाई, शाळेत शिकलेलं इथे आणू नका. उभ्या राहा."

"मी वरची रेघ शेवटी ओढली," नंदाने तीन वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी तिने दामल्यांच्या डोळ्यांत बघून वाचलं. "बसू का?" तिने विचारलं. दामल्यांनी खिडकीबाहेर दोनदा रस्ता न्याहाळला आणि मग 'बसा' म्हटलं. त्या वर्षात ती एकोणीस वेळा उभी राहिली. पुढच्या वर्षी चार वेळा. त्यानंतर एकदाही नाही, कारण चुकायचंच नाही असा तिने पण केला होता. रागाचा असा उपयोग फार थोड्यांना करता येतो.

तिने डेक्कनच्या एका ग्रंथालयात जाऊन पुस्तकं काढली. तिथे सरळ लिहिलेलं होतं. देवळांतले बौद्ध भिक्खू चिनी पोथ्या वाचताना समासात उच्चाराच्या खुणा करत. जागा कमी म्हणून अक्षराचा तुकडाच लिहीत. तीच काताकाना. मंत्रांचा उच्चार अचूक यावा म्हणून तेच भिक्खू संस्कृतची अक्षरं शिकले, आणि त्या क्रमाने त्यांनी आपली अक्षरं लावली. नंदाने त्या पानाची झेरॉक्स काढली, ओळीखाली लाल रेघ मारली आणि दामल्यांच्या टेबलावर ठेवली. दामल्यांनी ती उभ्या उभ्या वाचली.

"छपाई छान आहे," ते म्हणाले, आणि कागद पेपरवेटखाली सरकवला.

दुसऱ्या वर्षी जूनच्या व्याख्यानात 'विद्वानां'चे 'अभ्यासक' झाले. तिसऱ्या वर्षी 'काही प्रवासी'. नंदा मागच्या बाकावर बसून टिपून घेत होती.

एकदा तिला वाटलं, आता सापडला. नव्याण्णव साली तिच्या कारखान्यात आलेल्या मोरी नावाच्या जपानी इंजिनिअरला दामल्यांनी वर्गात पाहुणा म्हणून बोलावलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर नंदाच उठली आणि शुद्ध जपानीत विचारलं, "आपली वर्णमाला या क्रमाने कुणी लावली?" मोरीसानांनी मान तिरपी केली, दात-ओठांमधून हवा ओढली आणि म्हणाले की ते गिअरबॉक्सचे माणूस आहेत, वर्णमाला पहिल्यापासून तशीच असावी. दामल्यांनी हसू आवरलं, पण ओठाच्या कोपऱ्यात ते नंदाला दिसलंच. घरी जाऊन ती जेवली नाही. तिला मोरीसानांचाही राग आला होता, ज्यांचं होतं त्यांनाच त्याचं काही नव्हतं.

दोन हजार साली नंदा जपानी भाषेच्या परीक्षेच्या दुसऱ्या पातळीला बसली. त्या वर्षी दामल्यांच्या वर्गातून सात जण बसले आणि ती एकटी पास झाली. जिन्यातल्या फळ्यावर दामल्यांनी स्वतः नाव लिहिलं: 'कु. नंदा रामदास ओव्हाळ'. पूर्ण, शुद्ध, सुवाच्य. माणूस गुण द्यायला चोख होता, हीच तर पंचाईत होती. लबाड असता तर तिला त्याला एकदाचं मनातून काढून टाकता आलं असतं. नोकरीसाठी त्यांनी दिलेल्या पत्रात तीनच वाक्यं होती. 'ज्ञान उत्तम. हस्ताक्षर माझ्यापेक्षा चांगले. ऐकून घेण्याची सवय नाही.' ते पत्र वाचून हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने तिला भाषांतरासाठी लगेच घेतलं.

दिवस पालटले. वारज्याच्या दोन खोल्या जाऊन फ्लॅट आला. नंदा दोनदा जपानला जाऊन आली. तिच्या हाताखाली आठ जण आले आणि ते आठही जण तिला टरकून असत. तरी जूनच्या पहिल्या रविवारी ती न चुकता नागनाथ पाराशी हजर व्हायची, चपला बोटं बाहेर करून ठेवायची आणि मागच्या बाकावर बसायची. दामले तिला बघून न बघितल्यासारखं करत. दोन हजार एकला 'काही हौशी मंडळी' म्हणाले. तिला त्यांचं नरडं दाबावंसं वाटलं. त्यानंतरच्या वर्षी त्यांनी वाक्यच फिरवलं: 'अक्षरं तिकडे गेली.' जशी काही अक्षरांना पाय होते.

"आता सोड की," अण्णा म्हणाले. "माणूस म्हातारा झाला."

"मी पण होतेय," नंदा म्हणाली.

दोन हजार पाचच्या मे महिन्यात फोन आला तो दामल्यांचा नव्हता, त्यांच्या पत्नीचा, वासंतीकाकूंचा होता. आठ वर्षांत त्या नंदाशी चार वाक्यंही बोलल्या नसतील. "यांचा हात कापतो हल्ली," त्या म्हणाल्या. "फळ्यावर लिहिता येत नाही. स्वतः सांगायचे नाहीत. पहिल्या रविवारी तू येतेसच, तर खडू धरशील का?"

"त्यांनी सांगितलंय?"

"ते म्हणाले, लिहायचं तर ओव्हाळबाईंनी, नाहीतर वर्ग बंद."

नंदाने हो म्हटलं. दया वगैरे काही आली नाही. खडू आपल्या हातात येणार, आणि जे तो आठ वर्षं बोलला नाही ते आपण फळ्यावर वीतभर अक्षरात लिहिणार, एवढंच तिच्या मनात आलं.

रविवारी खोली गच्च भरली होती. सगळी कंपन्यांतली पोरं. काहींच्या गळ्यात सुट्टीच्या दिवशीही ओळखपत्र. दामले टेबलामागे खुर्चीत बसले होते, उजवा हात डाव्या हाताने धरून. त्यांनी तपकिरी कव्हर घातलेली एक जुनी वही पुढे सरकवली.

"माझी तिकडची वही. पान चार. तक्ता उतरवा."

नंदाने तक्ता उतरवला. प्रत्येक अक्षराची वरची रेघ आधी. पाठीमागून चुकीची वाट बघणारी नजर तिला जाणवत होती, आणि चूक तिने त्या नजरेला मिळू दिली नाही. शेवटची ओळ पान पाचवर होती म्हणून तिने पान उलटलं. ओळीच्या खाली, जांभळट पडलेल्या शाईत, तरुण दामल्यांच्या अक्षरात दोन वाक्यं होती. त्यांच्यावर दुसऱ्या, काळ्या शाईची एक रेघ होती. पट्टी लावून मारलेली. वर लिहिलं होतं: 'आपल्या ऋषींचे ज्ञान.' खालचं सगळं वाचता येत होतं. तशी रीतच होती.

नंदाने दोनदा वाचलं. मग खडू ठेवला आणि वही उघडीच दामल्यांपुढे ठेवली.

"सर, वाचा."

दामल्यांनी चष्मा वर केला, पानाकडे बघितलं.

"तुम्ही लिहायला आला आहात," ते म्हणाले.

"लिहीन. ज्याची वही त्याने वाचायची. खोडलेलं आधी."

पोरांना काही कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय एवढं कळत होतं. आतल्या दारात वासंतीकाकू आल्या आणि पुढे सरल्या. दामल्यांनी डाव्या हाताने त्यांना थांबवलं. मग नंदाने न सांगताच ते टेबलाला धरून उभे राहिले. रीत त्यांचीच होती.

"'ही वर्णमाला बौद्ध भिक्षूंनी घडवली,'" त्यांनी वाचलं. "'काताकानाही त्यांचीच, पोथ्यांच्या समासातली. प्राध्यापकांनी आज दोनदा सांगितले.'"

"हे एक झालं," नंदा म्हणाली.

त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ते वहीकडे बघत नव्हते. वाक्य त्यांना पाठ होतं. अडतीस वर्षं पाठ असलं पाहिजे.

"का खोडलंत?" नंदाने विचारलं.

"परत आल्यावर इथे पहिलं व्याख्यान द्यायचं होतं," दामले म्हणाले. "समोर कोण बसणार ते ठाऊक होतं. त्यांना काय आवडेल तेही." मग त्यांनी विचारलं, "बसू का?"

आठ वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच. नंदाने खिडकीबाहेर बघितलं. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती होत नव्हती. तिला वाटलं होतं, छातीवरचा दगड उतरेल. दगड होता तिथेच होता. या माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अज्ञानी माणसाशी भांडतोय असं समजून तिने तारुण्य घालवलं आणि समोरचा सगळं जाणून गंमत बघत होता. तिला आधी यायचा त्याच्या दुप्पट राग आला.

"बसा," ती म्हणाली.

पहिल्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. सलिल नाव होतं, गळ्यातल्या पट्टीवर ते छापलेलंच होतं. "मॅम, सॉरी, पण हे लेव्हल टू ला येतं का? म्हणजे नसेल येत तर स्किप करू या ना. टाइम कमी आहे."

नंदा त्याच्याकडे वळली.

"उभा राहा."

सलिल गोंधळून उभा राहिला.

"काय विचारलंस ते तीन वेळा म्हण. मोठ्याने."

पाठीमागून आवाज आला. दामले हसत होते. आठ वर्षांत तिने त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं, मोकळं, समाधानाने, आपलं काहीतरी जागेवर पोचलेलं बघून माणूस हसतो तसं. त्या हसण्याचा तिला जेवढा संताप आला तेवढा 'नदीपलीकडे'चाही आला नव्हता.

पण सलिलचं तीनदा म्हणून झालं, त्याने इकडे तिकडे बघितलं, आणि तरी तिने त्याला बस म्हटलं नाही.